बादलीचा मानकरी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या सायकल क्लबची चढाईची शर्यत असते, आणि त्या दिवशी माझं काम माणसं झेलायचं. स्टूप लेन हा गावातून माळावर चढत जाणारा रस्ता. लांबीला फार नाही, पण शेवटच्या वळणानंतर असा उभा होतो की मोटारीसुद्धा पहिल्या गिअरवर कण्हतात. एकेक जण खालून सुटतो आणि जीव खाऊन वर येतो. वर पोचेपर्यंत त्याच्यात पाय टेकवण्याचंही त्राण उरत नाही. बूट पेडलला अडकलेले, बोटं हँडलवर आवळलेली. कुणी धरलं नाही तर तो सायकलसकट गटारात जाणार. म्हणून रेषेच्या पलीकडे दोन दांडगी माणसं उभी करतात. एक सायकल धरतो, एक माणूस. माणूस मी धरते. आयुष्यभर फिश अँड चिप्सच्या दुकानात बटाट्यांची पोती उचलली आहेत. माझ्या दंडांची टिंगल करणारे सगळे कधी ना कधी त्याच दंडांवर येऊन पडलेत.

आमच्याकडे म्हणतात, वर पोचून जो उभा राहू शकतो तो चढलाच नाही. नाताळच्या जेवणात पहिल्या आलेल्याला चांदीचा कप देतात, टाळ्या वाजवतात आणि विसरून जातात. खरा मान असतो तो बादलीचा. पांढऱ्या इनॅमलची, काठाला निळी रेघ, जागोजागी टवके उडालेली जुनी बादली. जो सगळ्यात वाईट कोसळला, त्याला ती वर्षभरासाठी मिळते. नुसती उलटी केली तर नाही मिळत, उलटी तर कुणीही करतो. माणूस पार संपला पाहिजे. गावात कुणाच्या खिडकीत ती बादली दिसली की लोक आत डोकावून रामराम करतात.

त्या वर्षी ती आमच्या हॉवर्डला मिळाली. हॉवर्ड माझा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, खाणीत दगड फोडायच्या यंत्रावर कामाला. त्या यंत्राने त्याचा डावा कान खाल्ला, उजव्याचं अर्धं काम उरलंय. मुळात अबोल, त्यात बहिरा. बायको कधी केली नाही. आमच्या मॅमला, म्हणजे आईला, शेवटची कित्येक वर्षं एकटं सोडता येत नव्हतं, ती त्याच्याकडेच असायची. मी माझं दुकान आणि माझा संसार सांभाळत दोन दारं पलीकडे. रात्रीचं तिचं उठणं-बसणं त्याने केलं, मी सूप आणि मासे पोचवले. हे मी मान्य करते, कारण खरं आहे. रविवारी मी तिच्याजवळ बसायचे तेव्हा तो सायकल काढायचा. तेवढंच त्याचं सुख होतं.

आणि इटलीचं वेड. तिकडच्या डोंगरांत जुलैत हौशी लोकांची एक मोठी शर्यत होते, एकामागून एक घाट चढायचे. जगभरातून अर्ज येतात, चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. हॉवर्ड दर वर्षी अर्ज करायचा. नाव कधी निघायचं नाही, ते बरंच होतं, कारण निघालं असतं तरी मॅमला टाकून तो गेला नसता. मॅम गेली, आणि पुढच्याच हिवाळ्यात नाव निघालं. तो माझ्या दुकानात आला, ऐन गर्दीत, रांग सोडून काउंटरपाशी, आणि म्हणाला, "ग्लेनिस, निघालं." डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अरे मेल्या, मला वाटलं कोण गेलं!" मग त्याला फुकट हॅडॉक मासा दिला आणि रांगेतल्या लोकांना ओरडून सांगितलं. डगी पोस्टमन रांगेतच होता, त्याचंही नाव निघालं होतं. दोघं लहान मुलांसारखे नाचले.

त्यानंतर हॉवर्ड बदललाच. दगडाच्या धुळीतून घरी आला की चहा पिता पिता इटालियन शिकायचा. ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोठ्याने की मला दोन भिंतींपलीकडून त्याचं 'सुप्रभात' ऐकू यायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर घाटांचे नकाशे. मॅमची खुर्ची हलवून तिथे सायकल उभी. मला ते थोडं लागलं, पण जन्मात पहिल्यांदा त्याचा उन्हाळा त्याचा होता.

आता त्या शर्यतीला डॉक्टरचा दाखला लागतो. हा माणूस शर्यतीला धडधाकट आहे असं लिहून, खाली सही आणि शिक्का. आमच्याकडे असलं काही नसतं. नंबर पाठीला लावायचा आणि सुटायचं. डगी म्हणायचा, "आपल्याकडे मरायला कुणाची परवानगी लागत नाही, इटलीत लागते." त्याने स्वतःचा दाखला फेब्रुवारीतच आणला. गावच्या दवाखान्यात शिक्काच नव्हता. इटलीवाल्यांना तर शिक्क्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी रिसेप्शनवरच्या बाईने टपालावर मारायचा 'पोचले' असा शिक्का मारून दिला. "बघा," डगी दाखवत फिरला, "मी पोचलेला आहे!"

"काय विचारलं तुला?" हॉवर्डने त्याला विचारलं.

"नेहमीचंच. छातीत दुखतं का, दम लागतो का. सगळ्याला नाही म्हणायचं. यंत्रावर हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढतात, ती झाली की सही."

हॉवर्ड डॉक्टरांसमोर गेला की दगड होतो. ऐकू येत नाही, आणि पुन्हा विचारायची लाज. म्हणून असल्या ठिकाणी मी जाते. मी त्याचा कान. प्रश्न आला की मी त्याच्या उजव्या बाजूला वाकून सांगते, तो उत्तर देतो. मॅमच्या वेळीही असंच चालायचं.

डॉक्टर मिर्झा वयाने तरुण, जन्म ब्रॅडफर्डचा, बोलणं आमच्यासारखंच खरबरीत. मला ती आवडते. दुकानात येते तेव्हा व्हिनेगर जास्त मागते. तिने पट्टी समोर धरली आणि भुवई जराशी उचलली.

"इथे थोडं वेगळं दिसतंय," ती म्हणाली. "पण वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्यांचं असं असू शकतं. कमावलेलं हृदय असतं. हॉवर्ड, छातीत कधी दुखलंय?"

मी कानात सांगितलं. "नाही," हॉवर्ड म्हणाला.

"धडधड? मध्येच ठोका चुकल्यासारखं?"

"नाही."

"जोर करताना कधी चक्कर येऊन पडलात? शुद्ध गेली?"

"नाही."

तो खोटं बोलला नाही. हे मी शपथेवर सांगेन. मीही शेजारीच बसले होते आणि माझ्याही मनात काही आलं नाही. चक्कर येऊन पडणं म्हणजे चर्चमध्ये उन्हाळ्यात बाया पडतात ते. शुद्ध जाणं म्हणजे दारू पिऊन जाते ती. स्टूप लेनवर होतं त्याला आम्ही ही नावं कधी दिलीच नाहीत.

डॉक्टरने पेन उचललं. टोपण काढलं. कागद ओढून घेतला, हॉवर्डचं नाव लिहिलं. मी बघत होते, अक्षर सुरेख होतं. आणि लिहिता लिहिता ती सहज म्हणाली, "मोठमोठे घाट आहेत म्हणे तिकडे. या वयात झेपतील ना भावाला तुमच्या?"

बस्स. एवढंच विचारलं तिने, तेही हसत. गप्प बसायचं होतं, किंवा हो म्हणायचं होतं. पण माझ्या भावाला झेपेल का म्हणजे काय? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"झेपतील म्हणजे!" मी म्हटलं. "अहो डॉक्टर, हा बादलीचा मानकरी आहे."

"कसली बादली?"

आणि मी सांगितलं. रंगवून सांगितलं. दुकानात हिवाळाभर सांगत होते तशीच. हॉवर्ड कसा शेवटच्या वळणावरून आला, तोंड वासलेलं, सायकल या कडेहून त्या कडेला. रेषा ओलांडली आणि तसाच माझ्या अंगावर. माणूस पडतो तेव्हा निदान हाताने धरायला बघतो, याने तेही केलं नाही. नुसतं ओलं पोतं. डोळे उघडे, पण बघत नव्हते. आजूबाजूला सगळे "बादली! बादली!" म्हणून टाळ्या पिटताहेत. "आणि गंमत म्हणजे," मी म्हटलं, "डोळे हलले आणि भानावर आला, तर माझ्याकडे बघून म्हणतो, मॅम, किटली ठेवलीस का? मला म्हणतो! मॅम जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि हा त्या माळावर चहा मागतोय!"

इथे सगळे हसतात. डॉक्टर हसली नाही. तिने पेनाला टोपण लावलं.

"किती वेळ गेला होता?"

"कुठे?"

"शुद्ध हरपून किती वेळ होता, ग्लेनिस?"

"फार नाही हो. त्याच्या आधी डगी आला होता. क्लबच्या सेक्रेटरीने डगीची वेळ वाचून दाखवली, डगीने शिवी दिली, लोक हसले... तेवढाच."

"चेहऱ्याचा रंग कसा होता?"

मी म्हणणार होते, लाल, सगळ्यांचा असतो तसा. पण तेव्हाच तो चेहरा माझ्यासमोर आला आणि तो लाल नव्हता. "शाळेच्या पाटीसारखा," मी म्हटलं.

हॉवर्ड एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला ऐकू येत नव्हतं. "काय म्हणतेय?" तो म्हणाला. "झाली का सही?"

"तुमचे वडील कशाने गेले?" डॉक्टरने विचारलं.

त्याचीही आमच्याकडे गोष्टच आहे. डॅड गावच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचा. चर्चच्या सणाला बँड टेकडी चढत होता आणि डॅड ड्रमसकट खाली बसला तो उठला नाही. हॉवर्डपेक्षा तरुण होता. ड्रमने मारलं असं लोक म्हणतात. तो ड्रम नंतर कुणी उचलायला तयार नव्हतं. मी हे सांगितलं, पण या वेळी रंगवलं नाही.

डॉक्टरने खुर्ची फिरवून हॉवर्डच्या उजव्या बाजूला आणली आणि ती स्वतःच त्याच्या कानाशी वाकली. "हॉवर्ड, मी आज सही करणार नाही. आधी शहरातल्या हॉस्पिटलात हृदयाचा फोटो काढून घेऊ. मग बोलू." तिने नाव लिहिलेला कागद उचलला, दुमडला आणि खणात ठेवला. त्या कागदाकडे तो कसा बघत होता ते मला अजून आठवतं.

 परत येताना दुकानाशी मी गाडी थांबवली तेव्हा तो उतरला, दार धरून उभा राहिला.

"मी तुला कान म्हणून नेलं होतं, ग्लेनिस," तो म्हणाला. "तोंड म्हणून नाही."

फोटोत निघायचं तेच निघालं. हृदयाची भिंत जिथे करंगळीएवढी असायला हवी तिथे ती दुप्पट जाड झाली होती, जन्माचंच, डॅडकडून आलेलं. जोर केला की ठोका भरकटतो आणि एखाद्या वेळी परत जागेवर येत नाही. शहरातल्या डॉक्टरने अगदी सौम्य आवाजात सांगितलं, त्यामुळे मला ते सगळं हॉवर्डच्या कानात पुन्हा सांगावं लागलं. शर्यत नाही, या वर्षी नाही, कधीच नाही. चढण नाही. दगड उचलणं नाही. सपाटीवर रमतगमत, कुणी सोबत असेल तर. हे वाक्य न् वाक्य त्याला माझ्या तोंडून ऐकावं लागलं. देवाने दुसरं कुणी ठेवलं नव्हतं.

खाणीने त्याला यंत्रावरून काढून काट्यावर बसवलं, ट्रकांची वजनं लिहायला. तिथे काचेची खोली आहे, हीटर आहे. लोक म्हणाले, नशीबवान आहे.

भावंडांनीही तपासून घ्यायचं असतं, म्हणून मीही गेले. माझं हृदय ठणठणीत. तपासणाऱ्या पोरीने पडद्यावर दाखवलं सुद्धा, पातळ भिंती, झडपा व्यवस्थित उघडताहेत, मिटताहेत. तेलाच्या कढईपुढे उभं राहण्यापलीकडे ज्याला काही काम नाही, त्या हृदयाला काहीही झालेलं नव्हतं. मी त्याच्या दारात जाऊन सांगितलं, "माझं ठीक आहे म्हणे."

"असणारच," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

गावात मात्र बोलणं जोरात होतं. कुणी मला तोंडावर दोष दिला नाही, आमच्याकडे तसं देत नाहीत, थट्टा करतात. "ग्लेनिससमोर खोकू नका रे, दवाखान्यात कळेल." रांगेतला एक जण म्हणाला, "एक कॉड, चिप्स, वर मटारचा लगदा, आणि डॉक्टरला काही सांगू नकोस, बाई." मी त्याला सगळ्यात लहान मासा दिला. रात्री दुकान धुताना रडलेही. मी त्याचा जीव वाचवला असं माझा नवरा म्हणायचा. असेल. पण जीव वाचवावा असं मनात आणून मी काही केलं नव्हतं, मी फक्त बढाई मारायला गेले होते. आणि ज्याचा वाचवला तो दोन दारांपलीकडे दिवा न लावता बसत होता. भिंतीवरचे नकाशे त्याने काढले नव्हते. 'सुप्रभात' बंद झालं होतं. बादली खिडकीत होती, तिच्यात काही नव्हतं.

जुलैच्या आधी डगी एकदा पत्रं टाकायला आला तो घुटमळला.

"तुला सांगावं की नाही कळत नाही," तो म्हणाला. "हॉवर्डने दाखला मिळवलाय."

"कोणी दिला?"

"इंटरनेटवर कोणी डॉक्टर आहे. भेटायला लागत नाही. प्रश्न येतात, नाही नाही लिहायचं. शिक्कासुद्धा आहे, गोल, माझ्यापेक्षा झकास. सोमवारी माझ्याच व्हॅनमधून यायचंय त्याला." तो पिशवीचा पट्टा चाचपत राहिला. "मी नको म्हणू का, ग्लेनिस? मोठा माणूस आहे तो. मी कोण?"

मी काही म्हटलं नाही. मी एकदा म्हटलं होतं ते पुरेसं झालं होतं, असं मला वाटलं. पण सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं नाही. पडद्याआड उभी राहिले. डगीची व्हॅन आली, त्याने हॉर्न दिला, उतरून दार वाजवलं, आत गेला. बऱ्याच वेळाने एकटाच बाहेर आला. माझ्या खिडकीकडे बघून त्याने मान हलवली आणि निघून गेला.

मी गेले. हॉवर्ड स्वयंपाकघरात बसला होता. सायकल मोडून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेली, वरून चिकटपट्टी, दोरी, पत्ता. नवं जाकीट घातलेलं. टेबलावर दाखला. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"मी काही केलं नाही रे," मी म्हटलं. "आज मी कुणाला काही बोलले नाही."

"माहीत आहे." त्याने दाखल्यावर तळहात ठेवला. "जायला निघालो होतो मी. काल रात्री खोकं जिन्यावरून खाली आणलं. आणलं तर छातीत धडधडलं. पूर्वीही धडधडायचं, ग्लेनिस. खोकं आणलं की धडधडणारच, असं म्हणून मी चालू पडायचो. काल मी जिन्यावर बसून राहिलो. उजाडेपर्यंत तिथेच बसलो होतो."

"बरं केलंस."

"भीती वाटली मला. मॅमला उचलायचो तेव्हा नाही वाटली, त्या चढणीवर नाही वाटली. जन्मात नव्हती ती. ती तू घातलीस." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "गेलो असतो तर पहिल्या घाटावर मेलो असतो, नाहीतर शेवटच्या. कदाचित नसतोही. पण चढलो असतो. आता मी नुसता ऐकत बसतो. बाहेरचं काही ऐकू येत नाही मला, आतलं तेवढं येतं."

मला त्याचा हात धरायचा होता. तो दाखल्यावर होता. मी किटली ठेवली, चहा केला, आणि तो त्याने घेतला नाही.

डगी इटलीहून पदक घेऊन आला. हॉवर्डसाठी चीजचा मोठा तुकडा आणला होता. तो हॉवर्डने दारातच घेतला, आभार मानले, आणि माझ्या कुंपणावर ठेवून दिला. ऊन लागून तो तिथेच वितळला, शेवटी मी उचलून टाकला.

मग ऑक्टोबर आला. बादलीचा रिवाज असा की ज्याच्याकडे असते त्याने ती घासूनपुसून शर्यतीच्या दिवशी स्वतः वर आणून द्यायची. साधारणपणे मानकरी ती हँडलला अडकवून, सगळ्यांच्या आधी, मिरवत चढतो. मला वाटलं हॉवर्ड ती कुणाच्या तरी हाती पाठवेल. आम्ही वर वाऱ्यात उभे होतो, मी आल्याचा केक कापत होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "तो बघा."

तो चालत येत होता. सायकल नाही, हातात बादली. दर फाटकाशी थांबत, कठड्याला टेकत, पुन्हा चालत. ज्या चढणीचा विक्रम एके काळी त्याच्या नावावर होता, तिच्यावर त्याला म्हातारी माणसंही मागे टाकत होती.  वर एकाने टाळी वाजवली आणि लगेच थांबवली, कारण बाकी कुणी वाजवली नाही. हॉवर्डने बादली भिंतीवर ठेवली. लखलखीत घासली होती. मग तो रेषेपलीकडे आला आणि जिथे मी उभी असते, माणूस धरायच्या जागेवर, तिथे उभा राहिला.

"तुला उचलायला मनाई आहे," मी म्हटलं. तो डाव्या कानाची बाजू माझ्याकडे करून उभा होता. मी सायकलच्या बाजूला गेले. भांडायची ती जागा नव्हती, आणि बोलायची सवय तर आमची सुटलीच होती.

पहिले दोघे-तिघे कसेबसे आपापल्या पायांवर उतरले. मग डगी आला. इटलीने त्याला चांगलाच कसला होता, शेवटच्या वळणावरून तो उभा राहून मारत आला, तोंडातून फेस, डोळे बाहेर. रेषा ओलांडली आणि तो संपला. मी सायकल पकडली. डगी हॉवर्डवर कोसळला, आणि हॉवर्ड दोन पावलं मागे गेला. सायकल टाकून मीही दुसऱ्या बाजूने डगीला धरलं, कारण मला एकाची नाही, दोघांची काळजी होती. लोक ओरडायला लागले, "बादली! बादली!"

मी डगीच्या तोंडाकडे बघितलं. आता मी सगळ्यांच्याच तोंडाकडे बघते. लालभडक होता. "मेलो," तो म्हणाला, "आईशप्पथ मेलो, वेळ काय झाली?" म्हणजे ठीक होता. थोड्या वेळाने पाय टेकवून तो म्हणाला, "सोड आता हॉवर्ड, झालं."

हॉवर्डने सोडलं नाही. त्याचा एक हात डगीच्या पाठीमागून आणि दुसऱ्या हाताचा तळवा छातीवर, घामाने चिंब जर्सीवर, पसरून ठेवलेला. डोळे मिटलेले. डगी हसायला गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलं, मग तो हसायचा थांबला आणि उभा राहिला तसाच, हात खाली सोडून. आजूबाजूचा ओरडा हळूहळू कमी झाला.

"कसं धावतंय," हॉवर्ड म्हणाला. मला वाटलं स्वतःशीच. मग त्याने उजवा कान माझ्याकडे वळवला. "ग्लेनिस, हात लावून बघ."

उन्हाळ्यानंतर तो माझं नाव पहिल्यांदा घेत होता. मी त्याच्या हाताशेजारी हात ठेवला. डगीचं हृदय आधी सुसाट पळत होतं, मग एकेक ठोका करत, क्रमाने, रांग न मोडता ते हळू होत गेलं. कुठेही अडखळलं नाही. माझंही असंच आहे हे मला ठाऊक होतं. मला इतकं वाईट वाटलं की काहीतरी बोलावंसं वाटलं, काहीही, त्याला बरं वाटेल असं. पण मी तोंड उघडलं नाही.

"असं असतं होय," हॉवर्ड म्हणाला.

त्याने डगीला सोडलं. डगी त्याच्या खांद्यावर थोपटून बाजूला झाला. त्याला बादली द्यायची की नाही हे कुणी बोलेना. ती भिंतीवर तशीच होती. हॉवर्डचा तळवा अजून उघडाच होता, आणि तो त्याकडे बघत होता. तेवढ्यात खालून शिट्टी वाजली, पुढचा वळणावर आला होता.

"तू धर," तो मला म्हणाला, आणि माणसाची जागा मला सोडून सायकलच्या बाजूला जाऊन उभा राहिला.